तेल दिलेली पेटी

राघो जॉबरला मी आयुष्यात एकच सल्ला दिला आणि तोच त्याला बाधला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की मला स्वतःचीच चीड येते, हे आधीच सांगून टाकतो.

भिवंडीच्या कामतघरला आमच्या शाळेमागच्या चाळीत तो राहायचा. मूळचा अकलोलीकडचा, शेतकरी घरातला. अठराव्या वर्षी इकडे आला, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागला आणि पुढे जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. कारखान्यात चोवीस लूम एकदम खडखडत असताना कानाचा काही उपयोग नसतो. राघो लोखंडावर तळहात ठेवायचा आणि काय ढिलं झालंय ते सांगायचा. शेठ लोक त्याला आणायला रिक्षा पाठवत. कारखान्याबाहेर मात्र लाजरा माणूस. बोलायचा ओरडून, पण तो दोष लूमचा. वीस वर्षांत त्याचा उजवा कान गेला होता, डावा कामापुरता उरला होता.

त्याची मुलगी हेमाली माझ्याकडे पेटी शिकायची. मी महापालिकेच्या शाळेत मास्तर, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवणारा. माझी अक्कल तेवढीच. ती तेराव्या वर्षीच माझ्यापुढे निघून गेली. मला आनंद झाला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आधी हेवा वाटला. आनंद मागाहून झाला. ठाण्याला एक बाई होत्या, मोठमोठ्या गवयांना साथ केलेल्या. वर्षाला एकच विद्यार्थी घ्यायच्या, आणि तोही त्याच्या स्वतःच्या पेटीवर ऐकून. मंडळाच्या खोक्यावर घासलेला हात पुढे सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी राघोला गाठलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पोरीला स्वतःची पेटी घे," मी त्याच्या डाव्या कानात ओरडलो. "साधी नको, जर्मन सुरांची. नाहीतर हिचं इथंच संपलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दोन्ही शिफ्ट धरल्या, त्या दीड वर्ष सोडल्या नाहीत. त्याची बायको ठमाबाई डबा घेऊन कारखान्यात जायची आणि तो जेवून होईपर्यंत तिथंच उभी राहायची, कारण एकटा सोडला तर तो जेवता जेवता झोपायचा. डावा कान वाचवायचा असेल तर हे काम सोड, असं डॉक्टरनं बजावलं होतं. ठमाबाईनं मला येऊन सांगितलं, तुमचं तो ऐकतो, तुम्ही बोला. मी तिला म्हणालो की आता थोडेच महिने राहिलेत. असला शहाणा मी.

पेटी आली २००६च्या माघात, एका बुधवारी. त्याच रविवारी बाईंनी हेमालीला ऐकायला बोलावलं होतं. मुंबईला पेटी आणायला राघोबरोबर मी गेलो होतो. कारागिरानं सांगितलं, दमट जागी ठेवू नका, उंदरांपासून जपा. मी ते राघोच्या कानात ओरडून, हातवारे करून समजावलं. तेल घालू नका, असं तो म्हणाला नाही आणि मीही म्हणालो नाही. पेटीला तेल घालू नका असं कुणी कुणाला सांगतं का?

संध्याकाळी हेमालीनं ती चाळीत वाजवली. सगळी चाळ गॅलरीत येऊन उभी राहिली. शिफ्टला निघालेला एक बिहारी लूम कामगार डबा हातात धरून तसाच थांबला, "क्या हाथ है बिटिया का" म्हणाला. राघो सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "आवाज कसा हाय?" तेव्हा आम्हाला कळलं. डावाही गेला होता. कधी गेला, ते त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. ठमाबाई रडायला लागली तर तिला गप्प करून त्यानं पोरीला सांगितलं, वाजव.

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी जॉबर लूम पुसतो आणि तेल देतो. नवी मशीन आली की पहिल्याच शुक्रवारी तेल पाजावं, मग ती वीस वर्षं कुरकुरत नाही, हे राघोचं ठरलेलं वाक्य. त्या शुक्रवारी हेमाली शाळेत होती, ठमाबाई बाजारात. त्यानं पेटी उघडली. पितळेचा एकेक सूर फडक्यानं पुसला आणि कुपीतून एकेक थेंब सोडला. पट्ट्यांखालच्या चामड्याला दिलं, भात्याच्या बिजागऱ्यांना दिलं. इतक्या निगुतीनं मी जन्मात एकही काम केलेलं नाही. करायला गेला गणपती, झाला मारुती.

हेमाली संध्याकाळी धावत आली आणि मला घरी घेऊन गेली. राघो नाक्यावर चहाला गेला होता. मी झाकण उचललं. चामडं तेल पिऊन फुगलं होतं. कामतघरच्या हवेत रुईचं तूस कायम तरंगत असतं, ते तेलाच्या ओढीनं प्रत्येक सुरावर जाऊन बसलं होतं. पंचम मुका झालेला, वरचा गंधार एकदा लागला की थांबेना. मी धोतराच्या फडक्यानं पुसायला गेलो आणि आणखी दोन सूर मुके केले. कारागिराकडे नेली असती तरी महिन्याचं काम होतं.

मी म्हटलं, रविवारी मंडळाची पेटी ने, बाईंना मी समजावतो. आणि राघोला आत्ताच सांगतो. तिनं माझा हात धरला.

"नको, गुरुजी. या पेटीपायी त्याचा कान गेला. आता कसा सांगू त्याला, तुझ्याच हातानी बिघडली म्हणून? दुसरी पेटी नेली तरी त्याला कळंल."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. राघोपुढे उभं राहण्याची हिंमत माझ्यातही नव्हती. बिघडलेले सूर चुकवून वाजवीन, असं ती म्हणाली आणि मी ते मान्य केलं. पंधरा वर्षांच्या पोरीचं मी मान्य केलं.

रविवारी ठाण्याला जाताना कशेळीच्या गोदामांपुढच्या ट्रकांत बस तासभर अडकली. राघोनं पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. बाईंकडे तो दाराशी बसला, हात जोडून.

हेमाली दहा मिनिटं वाजवत होती. फुटक्या फरश्या चुकवत चालावं तशी तिची बोटं मेलेले सूर ओलांडत होती, आणि तरीही ते गाणं होतं. बाईंची मान हलायला लागली होती. मग गंधारावर तिचं बोट निसटतं लागलं आणि तो सूर रडायला लागला, थांबेचना. बाईंनी हात वर केला, उठून झाकण उघडलं, बोट फिरवलं, वास घेतला.

"ही पेटी कोणी हाताळली?"

"मी," हेमाली म्हणाली.

"नव्या वाद्याचे असे हाल करणाऱ्या मुलीला मी शिकवत नाही."

बोलायला मला वेळ होता. बाईंना चार वाक्यांत सगळं सांगता आलं असतं, राघोला एक शब्द ऐकू गेला नसता. पण तुम्ही गुरू होतात, तुम्हाला आधी सांगता आलं नाही का, असं बाई विचारतील या भीतीनं मी तोंड शिवून बसलो. राघो दाराशी हसत होता, कारण कुणी रागावलंय हे त्याला समजलं नव्हतं.

जिन्याखाली त्यानं विचारलं काय झालं. हेमालीनं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, "माझा हात कमी पडला." त्याला ओठांवरून कळेना. तिला ते तीनदा सांगावं लागलं.

दहावीनंतर ती कशेळीच्या गोदामात खोक्यांवर लेबलं लावायला लागली. पेटीला तिनं पुन्हा हात लावला नाही. राघो मात्र दर शुक्रवारी पेटीला तेल देत राहिला. पोरगी आज ना उद्या बसेल, मशीन तयार असावी, असं म्हणायचा.

तीन वर्षांनी तिचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. जाताना वाटेत ठरवलं होतं, आज पाटीवर लिहून का होईना, सांगायचंच. मग आठवलं की त्याला वाचता येत नाही. हेमालीनं चहा आणला. राघोनं मला जवळ ओढलं आणि नेहमीच्या चढ्या आवाजात, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बोलायला लागला.

"गुरुजी, लोक म्हंतात येवढी पेटी घेतली न् पोरीनी मातीत घातली. मी म्हंतो, समद्यांच्या हातात कला नसते. तिचा काय दोष? मना राग न्हाय. मी कवाच माफ केलाय तिला."

हेमालीनं कपबशी खाली ठेवली. त्याला नीट दिसावं म्हणून ती त्याच्यासमोर बसली आणि हळूहळू म्हणाली, "हां, बाबा."

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.