रेखाची जाहीर ओटी

रेखा ऑफिसच्या दारात उभी होती आणि मी तिला "ये, बस" म्हणायच्या आधी तिच्या पोटाकडे पाहिलं. आमच्या कामात ही वाईट खोड लागते. बाई दिसली की आधी पोट, मग तोंड.

"मॅडम, मले पाडा लागते," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं."

कोणासोबत आलीस, काही खाल्लंस का, काहीच विचारलं नाही मी. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "मुलगी आहे म्हणून?"

आता हा प्रश्न कुठून आला ते सांगते. मी वाशीममधल्या एका संस्थेत काम करते. मुलीचा गर्भ ओळखून पाडणाऱ्यांच्या मागे लागायचं, हे आमचं काम. पोटात मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, तरी सांगणारे सांगतात. त्यांना पकडायला 'डिकॉय' पाठवतात, म्हणजे खरीच गरोदर बाई, पण गिऱ्हाईक खोटं. तेही मी केलंय. पण बराचसा वेळ जातो गावोगाव माइक धरून बोलण्यात. आणि माइकवर कायदा नीट समजावत बसलं की बाया चुलीकडे निघतात. म्हणून आम्ही भाषण आखूड केलं, "गर्भपात म्हणजे खून!" बाईच्या जिवाला धोका असेल, बाळात मोठं व्यंग असेल, तर कायदाच परवानगी देतो, हे आम्हाला पाठ होतं. पण ते सांगितलं तर लोक पळवाट काढतील, म्हणून गाळायचो.

त्यात आमची एक युक्ती होती, जाहीर ओटीभरण. आमच्याकडे दिवस राहिले की पहिले काही महिने कोणाला सांगत नाहीत, नजर लागते म्हणून. पण त्याच लपवालपवीत दवाखान्याची गुपचूप फेरीही उरकता येते. तेव्हा दोन मुलींच्या घरात तिसऱ्यांदा दिवस राहिले की आम्ही गावच्या आशाताईकडून खबर काढायचो. गरोदर बायांची नोंद तिच्याकडेच असते. मग साडी, नारळ, बॅनर घेऊन थेट देवळाच्या सभामंडपात! सगळ्या गावासमोर ओटी भरली, की मग कोणाची हिंमत होते पाडायची? आमचे अध्यक्ष भाऊसाहेब याला "सामाजिक कुलूप" म्हणायचे, आणि आम्ही मूर्खासारखे टाळ्या वाजवायचो.

केनवडजवळच्या एका गावात रेखाची ओटी मीच भरली होती. गावाचं नाव सांगत नाही. तिच्या सासूला विचारलं होतं, सरपंचांना विचारलं होतं. रेखाला विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती मान खाली घालून बसली होती आणि मला वाटलं, लाजली.

तर ती रेखा आता माझ्यासमोर फाइल ठेवत होती.

"पोरगी का पोरगं मले काय माईत? डोक्याची हड्डीच नाई म्हनते बाळाले. जन्मलं तरी जगत नाई म्हनते."

मी रिपोर्ट वाचला. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळतं. कवटी तयारच झाली नव्हती. तरीही मी तिच्यासमोरच डॉक्टरला फोन लावला. खरं आहे का ते बघायला! ती समोर बसून ऐकत होती.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारताय? रिपोर्ट शंभर टक्के खरा आहे. कायद्यात बसतं. पण मी हात लावणार नाही. तुम्ही तिचा ओटीचा फोटो गावभर फिरवला. उद्या तुमचीच माणसं कॅमेरा घेऊन माझ्या दारात. सरकारी दवाखान्यात न्या."

"घरचे काय म्हणतात?" मी रेखाला विचारलं.

"सासू म्हनते, गावासमोर ओटी भरली, आता कोनतं तोंड दाखवू? आशाताई म्हनते, मले भेव लागते, माह्यं काम जाईन. आमचे हे म्हनते, ओटी भरनाऱ्या मॅडमलेच इचार." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हून आली."

म्हणजे कुलूप आमचं आणि किल्ली मागत ही पोर दारोदार फिरत होती. मी भाऊसाहेबांना फोन केला.

"तुम्ही सोबत जायचं नाही," ते म्हणाले. "आपल्या संस्थेची बाई गर्भपाताला हाताला धरून नेते, असा फोटो निघाला तर? घाई कायले करता? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या आधी."

आणि मी थांबले. भाऊसाहेबांवर ढकलता येईल, पण खरं सांगायचं तर मलाही ते थांबणं सोयीचं वाटलं. रेखाला अकोल्याला पाठवलं. तिथं गर्दी, मग सुट्टी, मग सोनोग्राफीचं मशीन बंद. शेवटी तिथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं.

अकोल्याहून आल्यावर तिनं मला फोन केला. "मॅडम, आता हालते वं ते पोटात."

पहिल्या दिवशीच उठून गेले असते, तर हे तिच्या वाट्याला आलं नसतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भाऊसाहेबांना कळवलं, "मी जाते आहे. फोटो निघाला तर निघू द्या." ते काहीतरी बोलत होते, मी फोन ठेवून दिला.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले. तिचा नवरा गजानन पण आला. कागदपत्रं नीट होती, डॉक्टरांनी उलट प्रश्न विचारले नाहीत. जे व्हायचं ते झालं. रेखानं बाळ दाखवा म्हटलं, तेव्हा नर्सनं कापडात गुंडाळून दाखवलं. मुलगा होता. रेखा रडली नाही, नुसती बघत राहिली.

सुट्टी झाल्यावर मी तिला गाडीनं घरी सोडायला गेले. वाटलं, आपण सोबत असलो की कोणी बोलणार नाही. कसलं काय! गाडीतून उतरलो तर शेजारच्या ओट्यावर बाया बसलेल्याच होत्या.

"आली पाडून."

"तिसरीबी पोट्टीच असन. त्याबिगर काहून पाडन?"

त्यातली एक म्हातारी, जनाआजी म्हणतात तिला, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काहो मॅडम, तुमी तं माइकवर खून म्हनत होत्या! आता खुनाले गाडी देऊन राह्यल्या का?"

बाया हसल्या. रेखाला चालवत नव्हतं, गजाननचा हात धरून ती दारापाशी टेकली. तिच्या मोठ्या मुलीनं दारातून डोकावून पाहिलं आणि ती परत आत गेली. माझा संतापच झाला. मी ओरडले, "पोरगी नव्हती! पोरगा होता, पोरगा! कवटीच नव्हती त्याला!"

कवटीचं वाक्य कोणाच्या कानात शिरलंच नाही.

"माय वं!" जनाआजी ओट्यावरून उतरली. "पोरगा होता? अवं माय माय माय!" तिनं रेखाचं डोकं छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. एक जण पाणी घेऊन धावली. दुसरीनं पदर डोळ्याला लावला. "बिचारीचं नशीबच फुटलं वं." इतका वेळ घरात गप्प बसलेल्या सासूनं आतून हंबरडा फोडला. आत्ता दगड मारायला निघालेल्या बाया सुतक असल्यासारख्या रेखाभोवती बसल्या.

आणि मला हायसं वाटलं. एवढंच नाही, आपण कसं निभावलं याचा क्षणभर अभिमानही वाटला. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जाते.

रेखानं जनाआजीच्या हातातून डोकं सोडवून घेतलं. माझ्याकडे बघून, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मॅडम, पोरगी असती तं काय सांगतलं असतं?"

इतकी वर्षं मुलगा-मुलगी समान म्हणून घसा कोरडा केला, आणि वेळ आली तेव्हा मुलगा होता हेच माझ्या कामी आलं. कवटी नसलेली मुलगी असती, तर रेखा त्या गावात आजन्म खुनी ठरली असती, आणि बायांना तो शब्द शिकवला होता मी.

जाहीर ओटीभरण आता बंद आहे. त्यासाठी भाऊसाहेबांशी भांडावं लागलं. त्यांचं म्हणणं, कार्यक्रम चांगला चालला होता. चालला होताच. मिटिंगमध्ये आता कायदा पूर्ण सांगते, परवानगी कधी आहे तेही सांगते. काही बाया उठून जातात. जाऊ देते.

कामावर येणाऱ्या नवीन मुलींना मी एकच सांगते. गाव गप्प झालं म्हणजे गावाला पटलं, असं धरून चालू नका. ते कशामुळे गप्प झालं ते बघा. त्या दिवशी गाव गप्प झालं आणि मला चहा घेतल्याशिवाय सोडेना. मी तो चहा घेतला, आणि रेखाला उत्तर न देताच गाडीत बसले.