सहावर बसलेला नऊ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पुठ्ठ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. चौदा मशिनं एकाच जांभळ्या केबलवर त्यांनीच जोडली. प्रत्येक मशीनला एक डबी, डबीवर फिरवून लावायचा नंबर. वरून त्या केबलमधून ज्या नंबरला हुकूम सुटेल, तो नंबर असलेली डबी आपलं मशीन हलवते; केबल तुटली की सगळी मशिनं थांबतात. वर कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे मी बसतो.

दाजी कमालीचे किरकिरे. घरी गॅस बंद केलास का, हे बहिणीला तीनदा विचारणार. डबी बदलली की तिचा नंबर फोनवर मोठ्याने वाचणार, माझ्याकडून वदवून घेणार, मगच वीज देणार. कारखान्यात याला ‘दाजींची हजेरी’ म्हणत. त्यांची मुलगी, आमची ठमी, लाइनवर कामाला लागल्यापासून ही हजेरी आणखी लांबली. मला या हजेरीचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी नऊ नंबरचं मशीन बेअरिंगसाठी बंद होतं. त्याच्या मेन स्विचला कुलूप, किल्ली दाजींच्या खिशात. तेवढ्यात सहाची डबी गेली. मॅनेजर माझ्या डोक्यावर उभा, म्हणून मी फोनवर दाजींच्या मागे लागलो.

“दाजी, हजेरी राहू द्या आज. बसवा आणि मोकळे व्हा.”

कपाटातली जुनी डबी दाजींनी सहावर बसवली आणि वीज दिली. पडद्यावर सहा लालच राहिलं, मी तसं फोनवर कळवलं. सहाच्या रुळांत पुठ्ठा अडकला होता. दाजी ठमीला म्हणाले, “डबी बोलत नाहीये, म्हणजे मशीन मेलेलं आहे. घाल हात, काढून घे.”

एवढ्यात माझ्या पडद्यावर नऊ हिरवं झालं. मला वाटलं, बेअरिंगचं काम उरकलं. मी नऊ सुरू करण्याचं बटण दाबलं आणि खुशीत फोन लावला.

“दाजी, नऊ आलं बरं का.”

“नऊ कसं येईल? किल्ली माझ्याकडे आहे.”

फोनमधून भोंगा ऐकू आला. मशीन फिरण्याआधी दहा सेकंद त्याच्याजवळ वाजतो तो. दाजींच्या अगदी जवळ वाजत होता. ती जुनी डबी कधीकाळी नऊवरून काढलेली होती आणि तिच्यावरचा नंबर कुणी बदललाच नव्हता; माझ्या हुकमाने सहा सुटत होतं. थांबवायचं बटण माझ्यासमोर होतं. माझा हात उचललाच गेला नाही. याची मला आजही लाज वाटते.

फोन खाली आदळल्याचा आवाज झाला. मग पडद्यावर चौदाच्या चौदा मशिनं लाल दिसू लागली. दाजींनी केबल उपटली होती.

मी धावत खाली आलो. सगळी लाइन गप्प होती. ठमीचे हात अजून कोपरापर्यंत रुळांत होते, ती शांतपणे पुठ्ठ्याचा तुकडा ओढत होती. दाजींनी तिला खेचून बाहेर काढलं.

“भोंगा ऐकला नाहीस?” त्यांनी विचारलं.

“ऐकला की. पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, मशीन मेलेलं आहे.”

दाजी तिथेच जमिनीवर बसले. तिचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते, आणि तिच्या तोंडाकडे मात्र त्यांना बघवत नव्हतं.