झेंडूबरोबर जाणारा फोन

परतवाड्याबाहेर देवीदासचा झेंडूचा मळा होता, आणि त्याचा फोन रोज झेंडूबरोबर अमरावतीला जाई. ऐकणाऱ्याला हसू येई, पण त्यामागे कारण होतं. शेखरच्या जीपमधून पाच-सहा घरांची फुलं बाजारात जात. भाव विचारायला सगळे शेखरच्याच फोनवर तुटून पडत आणि देवीदासचा नंबर लागेपर्यंत त्याची फुलं विकून गेलेली असत. मग त्यानं आपलाच फोन शेखरच्या खिशात धाडायला सुरुवात केली. घरून बायकोच्या, शकुनच्या, साध्या फोनवरून तो स्वतःच्या फोनला फोन लावी आणि दलालाशी घासाघीस करी. दुपारी रिकाम्या पोत्यांसोबत फोन परत येई. त्याला झेंडूचा वास लागलेला असे.

समोर माणूस उभा राहिला की देवीदासच्या तोंडून शब्द फुटत नसे. फोनवर मात्र तो वाघ होई. शकुन म्हणे, "तोंड दिसत नाही ना, म्हून जोर येते तुमाले."

त्यांची मुलगी करिश्मा यंदा बारावी झाली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायचं तिनं दहावीतच ठरवलं होतं. बारावीचे मार्क बरे आले, पण प्रवेश परीक्षेच्या निकालानं घात केला. अकोल्याची जागा मिळेल न मिळेल, अशा काठावर ती येऊन अडकली. निकालाच्या दिवशी ती जेवलीही नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं केस घट्ट बांधले आणि म्हणाली, "कॉलेजांच्या यादीत पहिलं नाव अकोल्याचंच टाकीन. लागलं तर लागलं."

त्याच दुपारी तो फोन आला.

"देवीदासजी का? करिश्माचं अभिनंदन." एक बाई गोड, स्वच्छ बोलत होती. तिनं करिश्माचे मार्कही सांगितले. अजून सख्ख्या मामालासुद्धा सांगितले नव्हते ते. "अकोल्याला तिचं होणार नाही. आमच्याकडे पाठवा, पुढचं सगळं आम्ही बघतो."

"तुमाले मार्क कोनं सांगितले?"

बाई नुसती हसली.

पुढे फोन येतच राहिले. कधी ती बाई, कधी जाड आवाजाचा एक माणूस. एका दुपारी देवीदास निंदत असताना बाई म्हणाली, "सकाळीही केला होता. तुमचा झेंडू बाजारात होता ना तेव्हा?" देवीदासचं खुरपं थांबलं. झेंडूचं हिला कोणी सांगितलं? त्यानं मान वर करून बांधावर पाहिलं. बांधावर कोणी नव्हतं. तरी त्या दिवशी तो उजेड असतानाच घरी आला.

करिश्माचा फॉर्म अब्दुल सत्तारच्या झेरॉक्सच्या दुकानात भरला होता. सत्तारची मुलगी तुबा तिची मैत्रीण. देवीदासनं त्याला फोनची गोष्ट सांगितली तेव्हा सत्तारनं मशीन बंद केलं.

"हे लोक रिकामी कालेजं भरतात, भाई. पोट्टे पकडून पकडून. नंबर, मार्क, सारं कुठून तरी विकत घेतात. फॉर्मवर तुमचा नंबर आहे. पासवर्ड विसरलो असं दाबलं की त्या नंबरवर ओटीपी येते. तो आकडा ज्याच्या हाती, फॉर्म त्याचा. सांगजा नका कोनाले."

"मी कायले सांगतो? मी बायकोले भाव सांगत नाही."

"मंग झालं. उद्या शेवटचा दिवस आहे. सकाळी पोरीले घेऊन या, अकोला टाकून फॉर्मले कुलूप लावून देऊ. एकदा लागलं की बदलत नाही."

कोणाला सांगायचं नाही, हे देवीदास घरापर्यंत मनात घोळवत आला. पहाटे जीपचा हॉर्न वाजला. त्यानं पोत्यांची तोंडं बांधली, ती जीपमध्ये चढवली, आणि रोजच्या हातानं फोन शेखरच्या खिशात टाकला.

दुकानात सत्तार म्हणाला, "फोन काढा."

देवीदासनं खिसा चाचपला.

"झेंडूसंगं गेला का हो, बाबा?" करिश्मानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"काई नाही होत," म्हणत देवीदासनं शकुनच्या फोनवरून नंबर लावला. "शेखर, आता एक आकडा येईन. तेवढा सांग."

"काका, आकडा तर मघाच सांगितला ना!"

"कोनाले?"

"त्या म्याडमले. रोजच येते त्यायचा फोन. त्यायनंच करिश्माचं नाव सांगितलं, मार्क सांगितले. मले वाटलं विद्यापीठातल्या हायेत. मीच सांगितलं होतं त्यायले, काका झेंडूवाले हायेत म्हून... काहून, काय झालं?"

सत्तारनं पडदा त्यांच्याकडे वळवला. फॉर्मला कुलूप लागलेलं होतं. यादीत एकच कॉलेज होतं, कधी न ऐकलेल्या गावचं. अकोला कुठेच नव्हतं.

तुबा करिश्माचा हात धरून उभी राहिली. सत्तार म्हणाला, "अकोल्याच्या मदत केंद्रात उद्या सांजेपर्यंत तक्रार घेतात. कुलूप उघडलं तर तेच उघडतील. पण नंबर तुमचा, म्हून सायबासमोर तुमालेच बोला लागन, भाई. तोंडानं."

दुसऱ्या दिवशी झेंडू एकटाच बाजारात गेला. बापलेक अकोल्याच्या एसटीत बसली. सायबासमोर काय बोलायचं ते देवीदास ओठांतल्या ओठांत म्हणत होता, आणि दर खेपेला अर्ध्यावर विसरत होता. अंजनगाव मागे पडलं आणि फोन वाजला.

"कुठे निघालात, देवीदासजी?" बाईचा आवाज तसाच गोड होता. "अकोल्याला जाऊन काही होत नसतं. आकडा तुमच्याच माणसानं दिला. तिथं विचारतील तेव्हा हेच सांगणार ना?"

अकोल्याला निघाल्याचं त्यांनी बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. फोनवरचा वाघ गप्प बसला. त्यानं मागच्या बाकांकडे पाहिलं. सगळे पेंगत होते. एक माणूस तेवढा जागा होता, पण तोही खिडकीबाहेर पाहत होता.

करिश्मानं फोन घेऊन कापला. तो लगेच पुन्हा वाजला.

"बंद कर तो," देवीदास म्हणाला.

"नाही. वाजू द्या. तक्रारीले अकोल्यालेच जा लागते, म्हून बाई अंदाजानं बोलून राहिली." तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला. "सायबाले दाखवू, कोन फोन करून राहिलं ते. तुमी नुसतं, हा नंबर माहा आहे, एवढं म्हना. बाकी मी बोलीन."

"हा नंबर माहा आहे," देवीदास हळूच म्हणाला.

"जोरानं, बाबा."

फोन वाजत राहिला. अकोल्याच्या पुलापर्यंत तो थांबला नाही, आणि त्याला अजून झेंडूचा वास येत होता.