आप्पांनी सईला बाकावर बसवलं

आज टिळकवाडीत माझ्या मुलीचा, सईचा, बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. कडोलीहून माझे आजोबाही बघायला आलते. आप्पा आता सत्त्याण्णव वर्षांचे आहेत. तरुणपणी ते पलटणीच्या संघात बास्केटबॉल खेळायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मध्यंतराआधी सईचा घोटा मुरगळला. पट्टी बांधून पुन्हा उतरायचा तिचा हट्ट होता, आणि मीही "खेळ" म्हटलं. तेवढ्यात आप्पा काठी टेकत आले आणि तिच्या शेजारी बसले.

"सुजलाय व्हय गं?"

"थोडासाच, आप्पा. फायनल आहे."

"माझाबी गुडघा थोडाच सुजलता. साहेबानं इचारलं, 'खेळशील?' मी व्हय म्हटलं. मॅच जिंकली, पण परत कधी पळता आलं न्हाय. सत्तेचाळीस साली पलटणीनं घरी धाडलं. तवा मी एकोणीस वर्षांचा हुतो."

आप्पांचा गुडघा शेतात दुखावला, असंच आम्ही आजवर समजत होतो.

सई बसून राहिली. संघ दोन गुणांनी हरला. ती अजून आप्पांशी बोललेली नाही.

"रागावू दे की," आप्पा जेवताना म्हणाले. "पुढल्या वर्षी खेळंल."

मला मात्र माझाच राग येतोय. माझ्या जागी तुम्ही तिला काय सांगितलं असतं?