पाडव्याला आवळलेलं पोट

गुढीपाडवा, रविवार, दुपार व्हायच्या बेतात. हजर: मी म्हणजे सर्जन, माझी रेसिडेंट, कुरकुरत खाली आलेले भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, आणि रिक्षातून उतरलेल्या दोघी, सासू आणि सून. गैरहजर: सुनेचा नवरा, ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला. आणि जवळजवळ गैरहजर म्हणावं असं सुनेचं ब्लडप्रेशर.

मोठी केस झाली की कोण होतं, काय केलं आणि काय राहिलं हे मी लिहून ठेवते. शिकत असताना लागलेली सवय आहे. घरच्या किराण्याचंही मी असंच करते, आणि त्यावरून घरात व्हायची तेवढी थट्टा होऊन गेली आहे.

आमचं हॉस्पिटल पेठेत, मंडईपासून चालत येण्याइतकं जवळ. पाडव्याला शोभायात्रा असते, रस्ते बंद असतात, त्यामुळे कॅज्युअल्टीत किरकोळ गिऱ्हाइकं: चक्कर, पाय मुरगळला, ढोलाचं टिपरू बोटावर बसलं. रेसिडेंटनं फोन केला तेव्हा याच यादीतलं एक नाव असणार असं मी धरून चालले होते. ढोल वाजवताना पोटाला मार, स्नायू दुखावलाय, प्रेशर जरा कमी आहे, असं ती म्हणाली. जरा म्हणजे किती, ते मी विचारलं. तिनं आकडा सांगितला आणि मी जिन्यानं निघाले.

सून ट्रॉलीवर होती. पस्तिशीतली, खराडीला नोकरी, दोन मुलं. अंगात ढोलपथकाचा पांढरा कुर्ता, आणि छातीखालपासून कमरेपर्यंत दोन भगवे शेले एकाला एक जोडून इतके घट्ट गुंडाळलेले, की मांस वर आणि खाली फुगून आलं होतं. गाठ उजव्या कुशीवर, लहान मुलाच्या मुठीएवढी. चेहरा शाडूच्या मातीसारखा, कपाळावर घाम. नाडी बोटांखाली धड सापडत नव्हती.

रेसिडेंटच्या हातात कात्री होती. आमच्याकडे नियमच आहे, कॅज्युअल्टीत पहिलं काम कपडे कापायचे. झाकलेलं पोट तपासता येत नाही. तिनं कात्रीचं टोक शेल्याखाली घातलं आणि सासूनं तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, पिरगळलं.

"ते सोडू नका. सोडलं की ती जाते."

रेसिडेंट म्हणाली, काकू, बाहेर थांबा. काकू बाहेर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नऊवारीच्या कमरेला खोचलेली पाण्याची बाटली तशीच. त्या माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही मोठ्या डॉक्टर ना? मग हिला सांगा, आधी ऐकून घे."

मी कात्री काढून घेतली आणि ऐकून घेतलं.

पहाटे दोघींनी गुढी उभारली आणि पथकाबरोबर निघाल्या. सून ढोलावर, सासू पाण्याची बाटली घेऊन बाजूनं. दुसऱ्या चौकात सुनेनं टिपरू टाकलं आणि ढोलासकट गुडघ्यावर आली. डाव्या बरगडीखाली आतून लाथ बसली, असं तिनं सांगितलं होतं. मग डोळे फिरले. सासूनं निदान तिथल्या तिथे केलं: ढोलाच्या वजनानं बेंबी सरकली. इलाजही माहीत होता. सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत पोट त्यांनीच बांधलं होतं. दुकानाच्या पायरीवर तिला टेकवलं, दोन पोरींचे शेले मागून घेतले, पाठीत गुडघा रोवला आणि आवळलं. पथकातल्या दोघींनी टोकं ओढली. थोड्या वेळात सून शुद्धीवर आली, पाणी प्यायली, पुन्हा ढोल बांधते म्हणाली. तेवढं मी करू दिलं नाही, असं सासू म्हणाल्या, आणि त्या क्षणी त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मग दोघी यात्रा संपेपर्यंत बरोबर चालल्या. संपल्यावर एका बोळात सून म्हणाली, आई, श्वास घेता येत नाही, सैल करा. सासूनं गाठ सोडली. सून उभ्याची आडवी झाली, ओठ पांढरे. सासूनं पुन्हा आवळलं, आधीपेक्षा जोरात. डोळे उघडले. तेव्हा कुठे रिक्षा.

बेंबी जागच्या जागी होती. पण बाकी हकिकत ऐकता ऐकता मी सोनोग्राफीचं मशीन ओढून घेतलं. मी सुनेच्या तोंडाशी वाकून विचारलं, आणखी कुठे दुखतंय. ती म्हणाली, डावा खांदा. खांद्याला काही लागलं होतं का, तर नाही. पोटात वरच्या बाजूला रक्त साठलं की छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतं आणि दुखतो खांदा. शेल्याच्या वरच्या कडेला, बरगड्यांच्या कमानीत, सोनोग्राफीचा प्रोब जेमतेम बसला. जठराच्या मागे काळं तळं होतं.

प्लीहेला रक्त नेणारी धमनी काही जणींत फुग्यासारखी फुगते. दुर्मिळ आहे, आणि सापडते ती जास्त करून बाळंतपणं झालेल्या बायकांत. हा फुगा बऱ्याचदा दोन टप्प्यांत फुटतो. पहिल्यांदा फुटला की रक्त जठरामागच्या एका बंद कप्प्यात भरतं, आणि कप्पा भरलेला आहे तोवर दाब राहतो, माणूस सावरल्यासारखं वाटतं. मग कप्पा फाटतो. त्यानंतर वाचलेली माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. या बाईच्या कप्प्याला बाहेरून दोन शेल्यांचा आणि सासूच्या गुडघ्याचा आधार मिळाला होता. निदान मला तसं वाटलं. सी. टी. स्कॅन करून खात्री करायला वेळ नव्हता.

वर जाताना लिफ्टमध्ये मी भूलतज्ज्ञांना क्रम सांगितला. एरवी आधी भूल, मग पोट धुणं, चादरी, आणि शेवटी सुरी. इथे उलटं. भूल दिली की पोटाचे स्नायू ढिले पडणार आणि होता तो दाबही जाणार. म्हणून ती जागी असतानाच आम्ही हात धुऊन, गाऊन घालून तयार राहायचं. रक्ताच्या पिशव्या लावून. छाती आणि उघडं दिसेल तेवढं पोट जंतुनाशकानं रंगवून. भूल चढली की त्याच श्वासात शेला कापायचा आणि खालोखाल कातडी.

"म्हणजे पेशंट टक्क बघतेय आणि तुम्ही हातात सुरी घेऊन उभ्या," ते म्हणाले. "छान. मुहूर्त तर चांगला आहेच." माझ्या दुप्पट अनुभवाचे आहेत, असंच बोलतात. पण लिफ्टचं दार उघडायच्या आत त्यांनी चार पिशव्या वर मागवल्या होत्या.

सासूनं थिएटरच्या दारात सही केली. मुलाचा फोन लागत नव्हता. त्यांनी एकच गोष्ट विचारली, वाचेल का. मी म्हटलं, शेला कापल्यावर कळेल. याहून मऊ बोलता आलं असतं, पण खरं तेवढंच होतं.

सून खरंच टक्क बघत होती. तिच्या पोटावर मी बीटाडीन ओतत होते आणि ती विचारत होती, आई कुठे आहेत. बाहेर आहेत, म्हटलं. भूलतज्ज्ञांनी औषध ढकललं, तिचे डोळे मिटले, ते म्हणाले, घ्या. सिस्टरनी शेला कापला. कापड टर्रकन फाटलं, पोट एकदम सुटून वर आलं, आणि मॉनिटरवरचा आकडा डोळ्यांदेखत कोसळला. मी छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत एका ओढीत कापलं. चरबी, पांढरी रेघ, पोटाचा आतला पडदा. पडद्याला छेद देताच रक्त उडालं. माझ्या गळ्यावर, दिव्याच्या मुठीवर, सिस्टरच्या चष्म्यावर. कप्पा फाटलेला होता.

अशा पोटात दिसत काहीच नाही. सक्शनची नळी म्हणजे पुरात बोट बुडवणं. मी दोन्ही हात मनगटांपर्यंत घातले आणि काळ्या गाठी ओंजळीनं उपसून बाहेर फेकायला लागले, भांड्यात पडल्या तर भांड्यात, नाही तर जमिनीवर. त्यांच्यामागून ताजं, ऊन रक्त येतच होतं. रेसिडेंटला ओरडून सांगितलं, मूठ घाल, जठराच्या वर, मणक्यावर, महाधमनी दाब. ती बिचकली. मी तिची मूठ धरली आणि जिथे हवी तिथे ठासली. "वजन टाक. अंगाचं सगळं वजन टाक."

"प्रेशर नाही," भूलतज्ज्ञ म्हणाले. आता चेष्टा नव्हती. "बाई, माझ्याकडे काहीच नाही."

खालच्या रस्त्यावरून दुसरं पथक चाललं होतं. बंद काचांतून ढोलाचे ठोके टेबलापर्यंत पोचत होते, आणि मॉनिटरचे ठोके त्यांच्यात हरवत होते. सिस्टरनी मान वर न करता त्या पथकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

रेसिडेंट जवळजवळ टेबलावर चढली. तिच्या मुठीखाली धमनी चेपली गेली तसा उमाळा मंदावला. मी जठर आणि आतड्यामधला पडदा बोटांनीच फाडला, आत हात सारला, प्लीहेच्या देठाकडे. तिथे बोटाला ते लागलं: मऊ, लिबलिबीत, एका कडेला चिरलेलं, आणि त्या चिरेतून धार बोटावर आदळतेय. मी ते चिमटीत धरलं. धरून ठेवलं. धार थांबली. भूलतज्ज्ञ दोन्ही हातांनी रक्ताच्या पिशव्या पिळत होते.

मग ते म्हणाले, येतंय.

बाकीचं काम फुरसतीनं नाही, पण क्रमानं झालं. क्लॅम्प, प्लीहा मोकळी केली, धमनी दोन ठिकाणी बांधली, कापली. फुगा प्लीहेसकट बाहेर काढला तेव्हा तो अक्रोडाएवढा होता. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही बाईला उभी फाडली होती. रेसिडेंटची मूठ उघडत नव्हती, सिस्टरनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या मनगटावर सासूच्या बोटांचे वळ होते, ते तिनं मला कौतुकानं दाखवले.

सासू बाहेर बाकावर होत्या. मी सांगितलं, जिवंत आहे, प्लीहा काढावी लागली, पुढचे दिवस जपायचे. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मी बांधलं ते बरोबर होतं ना?"

मी म्हटलं, नंतर बोलू. आत रक्ताचे रिपोर्ट यायचे होते.

संध्याकाळच्या विमानानं मुलगा आला. आयसीयूच्या काचेतून बायकोच्या नाकातोंडातल्या नळ्या पाहिल्या आणि आईकडे वळला. सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "सकाळी पडली आणि दुपारी आणलीस. मधे काय, मिरवत होतीस? आणि वर दोरखंडानं आवळलीस. तिला तू मारलीच होतीस." मग तो माझ्याकडे वळला. सकाळीच आणलं असतं तर एवढं झालं असतं का, ते तुम्ही सांगा. मी म्हटलं, लवकर आणलेलं केव्हाही बरं. तेही खरंच होतं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी बोलायच्या आत आतून बेल वाजली आणि मी गेले.

त्याला तो अर्धाच पुरला. सून बरी होऊन घरी गेली ती माहेरी. मुलंही तिकडे, तोही तिकडे.

काही आठवड्यांनी सासू ओपीडीत आल्या. नंबर लावून, केसपेपर काढून. पोट दुखतं का, तर नाही. ताप, तर नाही. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला एवढं सांगा, की मी मारायला नव्हतं बांधलं. माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी विचारलं, सुनेचं काय म्हणणं आहे.

"ती फोन करते. चोरून."

मारायला बांधलं नव्हतं हे सांगायला सर्जन लागत नाही. मुलगा विचारणार ते पुढचं: शेल्यानं वाचवलं की उशिरानं मारलं असतं. मला वाटतं दोन्ही. शेला नसता तर ती चौकातच गेली असती, असं मला वाटतं. आणि शेल्यानं बरं वाटलं म्हणूनच दोघी यात्राभर चालत राहिल्या, नाही तर कप्पा शाबूत असताना ती टेबलावर आली असती. यातलं किती शास्त्र आणि किती माझा अंदाज, हे मला वेगळं करता येत नाही. मी भूलतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, "कापल्यावर आकडा कसा पडला ते मी पाहिलंय. त्याला माझ्याकडे पाठवा." मग म्हणाले, "नको. तुम्हीच बोला. मी माझ्या पद्धतीनं बोललो तर तो आईला आणि मला एकदमच सोडेल."

प्लीहा काढलेल्या माणसाला काही लशी घ्याव्या लागतात. तिच्या एक सोडून सगळ्या झाल्या. आधीच्या वेळी तिचा भाऊ घेऊन आला होता. उरलेलीसाठी नवरा आणणार आहे, रेसिडेंटनं फोनवर तसं कबूल करून घेतलंय. तिला आत बसवून त्याला बाहेरच्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, आणि वाक्याचा दुसरा अर्धा भाग बोलायचा: आईनं आवळलं नसतं तर ती बहुधा चौकातच गेली असती. या आठवड्याच्या कामांच्या यादीत ते सगळ्यात वर आहे, आणि बाकीच्यांवर झाल्याच्या खुणा आहेत.