बाणांचा नकाशा आणि अण्णांची चेअरमनकी

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेलो आणि माझ्या वडिलांची चेअरमनकी गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध आहे.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेलेला, विहिरींचे तळ दिसू लागलेले, आणि गावात चालू म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दूध सोसायटी. (दूध फारसं नव्हतं, पण सोसायटी जोरात होती!) अण्णा म्हणजे माझे वडील, नऊ वर्षं तिचे चेअरमन. शेतीत त्यांना गती नव्हती, व्यापारात तर नव्हतीच. चेअरमन असणं हे एकच काम त्यांना नीट यायचं. ते गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, ही काळजी सगळ्या घराला होती. त्या वर्षी निवडणूक लागली आणि अण्णांच्या विरोधात शिवाप्पा उभा राहिला.

नेमकं तेव्हाच उमरग्याच्या कॉलेजात आमच्या सरांनी एक नवं शास्त्र शिकवलं. गावातल्या प्रत्येकाला विचारायचं, 'अडचण आली तर सल्ल्याला कुणाकडं जाता?' मग कागदावर माणसागणिक एक गोल काढायचा आणि जो ज्याच्याकडं जातो, त्याच्याकडं एक बाण. ज्या गोलावर बाण जास्त, तो गावाचा मध्य. जो दोन वेगवेगळ्या घोळक्यांना जोडतो, तो पूल. एवढं कळलं की कुठली बातमी कुठून कुठं जाते ते घरबसल्या सांगता येतं! मी भारावून गेलो. (त्या वयात मला भारावून जायला फारसं काही लागत नसे.)

सुट्टीत वही घेऊन मी गावभर हिंडलो.

"अडचण आली तर कुणाकडं जाता, मामा?"

"अडचण आलेलीच हाय की! पान्याची. टँकरवाल्याकडं जातो. काढ त्याचा गोल."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा तयार झाला. अण्णांच्या गोलावर बाण आले चार, त्यातला एक त्यांनी स्वतःच स्वतःला मारलेला. बाकी सगळे बाण तिघांवर पडत होते: गिरणीवाले महबूबचाचा, बौद्धवाड्यातले कांबळे गुरुजी आणि हातपंपाशेजारची सखूमावशी.

"अण्णा, एवढ्या उन्हात घरोघर फिरू नका. या तिघांना सांगा. गाव आपोआप येतंय."

"न्हाय रं," अण्णा गुडघा चोळत म्हणाले, "दारात जाऊन हात जोडावं लागत्यात. दर टायमाला जोडलेत."

"शास्त्र आहे अण्णा हे!"

अण्णांचे गुडघे दुखत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि पोरगा कॉलेजात शिकत होता. तीन कारणं जमून आली आणि त्यांना पटलं.

तिघांनी चहा पाजला आणि शब्द दिला. शास्त्र इतकं चोख चाललं की दोन दिवसांत अण्णा उभे असल्याची बातमी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचली. पण आमच्या गावाची एक रीत आहे. लग्नाचं आवतण दुसऱ्याच्या तोंडून आलं तर माणूस उपाशी राहील, पंगतीला जाणार नाही. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, पण ती पुस्तकात नव्हती ना!

पहिला दणका सख्ख्या चुलत्याकडं बसला.

"तात्या, मत अण्णांनाच ना?"

"कुनाचे अण्णा?" तात्या कडाडले. "माजा सख्खा भाऊ उभा हाय, हे मला गिरणीवर कळलं! म्हैबूबनं सांगितलं, जवारी दळता दळता! मधी एक भित हाय रं आमच्या, ती बी वलांडंना त्यो?"

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी त्याहून जास्त. "सखूबाईच्या हाती सांगावा धाडायला आमी काय लई लांब ऱ्हातो व्हय?" जे जे रुसले त्यांचे गोल मी लाल शाईनं रंगवायला घेतले. दिवस मावळायच्या आत दौतीतली शाई संपली. तिकडं शिवाप्पा अनवाणी दारोदार हिंडत होता. त्याच्याकडं नकाशा नव्हता, म्हणून तो एकही घर चुकला नाही.

मी रडकुंडीला येऊन अण्णांना सांगितलं. ते तसेच काठी घेऊन निघाले, पण चार घरं होईतो मतदानाचा दिवस उजाडला.

अठ्ठ्याऐंशी मतांपैकी अण्णांना अकरा पडली.

अण्णा घरी आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. नऊ वर्षांत त्यांना भरदिवसा घरात बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अण्णा, अकरा जणांनी तरी साथ दिली. तुम्ही, आई, महबूबचाचा..."

"मला धरू नगंस," आई भाकरी थापता थापता म्हणाली.

अण्णा वळले. "म्हंजी?"

"माज्या नावची म्हैस हाय, माज्या नावचा शेअर हाय. शिवाप्पा हितं चुलीपतोर आला. 'वैनी, तुमचं मत पायजे' म्हनला. तुमी आलता का? घरोघर ऱ्हाऊ द्या, चुलीपतोर तरी यायचं!"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं कॅलेंडर उलगडलं. अख्ख्या गावाचे गोल त्यात होते, टँकरवाल्याचासुद्धा होता. आईचा नव्हता. तिला मी काही विचारलंच नव्हतं.

कोपऱ्यात माझा मात्र एक गोल होता, आणि त्याच्याकडं कुठूनही एकही बाण येत नव्हता. सरांनी शिकवलं होतं, अशा माणसाला शास्त्रात 'एकाकी' म्हणतात. अण्णांनी त्याच माणसाला दुसरा शब्द वापरला. तो पुस्तकात नाही, पण नकाशा न बघताही अख्ख्या गावाला पटला!