परत दे माझा कोट

इंग्लंडच्या यॉर्कशर भागात, हॅलिफॅक्सच्या बिस्किट कारखान्यात मॅक्सीन थॅक्रे डबे भरायची. तिचा आवाज यंत्रांच्या खडखडाटावरूनही ऐकू यायचा. शनिवारी भाऊ बॅरीच्या बँडबरोबर ती कोपऱ्यावरच्या पबमध्ये गायची, पण सगळी दुसऱ्यांचीच गाणी. स्वतःचं गाणं तिला सुचलं ते निव्वळ संतापातून.

झालं असं, की ट्रेव्हर ओग्डन या पोस्टमनबरोबर ती दोन महिने फिरत होती. एकदा धो धो पावसात तिने आपला हिरवा लोकरी कोट काढून त्याला दिला. "डोक्यावर धर, लांब जायचंय तुला." ट्रेव्हर कोट घेऊन गेला, तो गेलाच. कोटही नाही आणि ट्रेव्हरही नाही.

मॅक्सीनने मग 'परत दे माझा कोट' असं गाणंच रचलं. बॅरीने त्याला गिटारचा असा काही तडाखा दिला, की लीड्सच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. तिथला माणूस म्हणाला, "जरा लंडनच्या बायकांसारखं म्हण ना."

"का? लंडनच्या बाईचा कोट गेलाय का?" मॅक्सीन म्हणाली, आणि आपल्या यॉर्कशरी बोलीतच गायली.

रेकॉर्ड निघाली. रेडिओवर एकदा वाजली, मग रोजच वाजायला लागली. उन्हाळा संपेतो ती देशातल्या पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसली. कारखान्यात पोरी डबे बडवून साथ द्यायच्या. तिकडे ट्रेव्हरची मात्र दैना झाली. पत्रं टाकायला गेला की खिडक्या उघडायच्या. "पत्र राहू दे रे, आधी पोरीचा कोट दे!"

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये एक ठेंगणीशी बाई तरातरा आली. अंगात हिरवा कोट! मॅक्सीनच्या हातातला काटा ताटात पडला.

"तूच का गं ती ओरडणारी?"

"हो. तुम्ही?"

"एडना ओग्डन. ट्रेव्हरची आई. वाढदिवसाला आणलाय म्हणून त्याने हा मला दिला. मी मेलीने अख्ख्या गल्लीत मिरवला! आणि आता चर्चमध्ये मी उठून उभी राहिले की मागच्या बाकावरून गाणं गुणगुणतात." ती तावातावाने बटणं काढायला लागली. "अगं, रेडिओवर कशाला सांगायचं? दार वाजवायचं होतंस!"

मॅक्सीनला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. ट्रेव्हरवर ती मनसोक्त चिडली होती, पण या बाईचा तिने विचारच केला नव्हता. ती उठली आणि तिने एडनाची बटणं परत लावली.

"राहू द्या, मिसेस ओग्डन. तुम्हाला छान दिसतोय."

"दिसतोच. तुला खांद्यात ढगळ होत असणार."

कँटीनभर हशा पिकला. मॅक्सीनने चहा आणला, एडनाने तीन बिस्किटं खाल्ली आणि चौथं नरम असल्याची तक्रार केली.

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. टीव्हीवर गायचं बोलावणं आलं, तेव्हा सोबत एडनाच गेली. रंगरंगोटी करणाऱ्या मुलीला तिने दटावलं, "तिच्या डोळ्यांना एवढं काळं फासू नकोस, कोट गेलाय, माणूस नाही." मॅक्सीन इतकी हसली, की गातानाही तिचा चेहरा खुललेलाच होता. नंतर एकदा एडनाच्या घरी ट्रेव्हरने माफी मागितली, पुन्हा फिरायला येशील का म्हणून विचारलं. मॅक्सीन तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाही म्हण!"

ती नाही म्हणाली.

दुसरं गाणं कुणी ऐकलंसुद्धा नाही. कंपनीचा माणूस हळहळला. मॅक्सीन म्हणाली, "अहो, यावेळी कुणी माझं काही नेलंच नाही, मग चिडू कशावर?" कारखान्यात ती पुढे मुकादम झाली, बॅरीच्या ड्रमवाल्याशी तिने लग्न केलं, आणि शनिवारचं गाणं काही सोडलं नाही. पहिल्या टेबलाशी एडना बसायची. कानात कापूस घालून यायची, पण एकही शनिवार चुकवायची नाही.